गोलीचे ग्लोव्हज घेताना: वय राहू द्या, पंजा मोजा

जून उजाडला की पुण्यात गणवेश, दप्तर, रेनकोट यांच्या जोडीने फुटबॉलच्या क्लासची फीसुद्धा भरली जाते. मग पंधरा दिवसांत घरी निरोप येतो: सरांनी गोली, म्हणजे गोलकीपर, म्हणून उभं केलंय, ग्लोव्हज आणायला सांगितलेत. आई-बाबा दुकानात जातात. दुकानदार विचारतो, "वय काय पोराचं?" "दहा." "मग जरा वाढत्या मापाचे देतो, दोन वर्षं बघायला नको." सगळे खूश होऊन बाहेर पडतात आणि पहिल्याच रविवारी पोराच्या बोटांतून बॉल निसटून जाळ्यात जातो.

वाढत्या मापाचा हिशोब गणवेशाला ठीक आहे. ग्लोव्हजला तो चालत नाही आणि याचं कारण आपल्या मैदानांत आहे. आपल्याकडे सराव बहुतेक मुरमावर नाहीतर टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर होतो. दोन्ही पृष्ठभाग ग्लोव्हजचा तळवा खाऊन टाकतात. नियमित सराव करणाऱ्या मुलाचा पंजा एक नंबर वाढायच्या आत तळव्याचा फेस झिजून खालचं कापड दिसायला लागतं. म्हणजे पुढच्या वर्षासाठी म्हणून घेतलेली मोठी जोडी पुढचं वर्ष बघतच नाही. जेवढे दिवस टिकते तेवढे दिवस ती सैलच असते. म्हणून आजच्या हाताला आज बसेल तीच जोडी घ्यायची, हेच खरं काटकसरीचं.

मोठ्यांचंही फारसं वेगळं नाही. ऑफिसच्या टीमबरोबर बाणेर-वाकडच्या टर्फवर शनिवारी खेळायला लागलेल्या पस्तिशीच्या माणसाला "मेन्स साइज द्या" एवढंच माहीत असतं. गोलीच्या ग्लोव्हजमध्ये मेन्स साइज नावाचा एकच नंबर नसतो.

दुकानात मागणी नीट करा

पुण्यात खेळाच्या दुकानात जाऊन नुसतं "कीपिंग ग्लोव्हज" म्हणालात तर समोर विकेटकीपरचे येतील. शहर क्रिकेटचं आहे, दुकानदाराचा दोष नाही. "फुटबॉलच्या गोलकीपरचे" असं पूर्ण म्हणा. क्रिकेटच्या ग्लोव्हजवर मेन्स, यूथ, बॉइज असे गट असतात. गोलीच्या ग्लोव्हजवर आकडा असतो. साधारण ४ ते ७ मुलांचे आणि ८ ते ११ मोठ्यांचे, पण या सीमेला फार किंमत देऊ नका. तेरा वर्षांच्या उंच मुलाला ८ लागू शकतो आणि बारीक हाताच्या बाबांनाही ८ लागू शकतो. मुलगी असो की मुलगा, आकडा पंज्यावरून ठरतो. काही कंपन्या अर्धे नंबरही काढतात, ८.५ किंवा ९.५ असे. बुटाच्या नंबरावरून अंदाज बांधणारेही भेटतात, त्यांना हसून सोडून द्या.

एक शंका नेहमी येते: ग्लोव्हज लागतातच का? नियमाने नाही. फुटबॉलच्या चौथ्या नियमात खेळाडूच्या सक्तीच्या वस्तू सांगितल्या आहेत, त्या म्हणजे बाह्या असलेला शर्ट, शॉर्ट्स, मोजे, शिनगार्ड आणि बूट. ग्लोव्हज त्यात नाहीत. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या रिकार्डोने इंग्लंडविरुद्धच्या शूटआउटमध्ये ग्लोव्हज काढून टाकले, डॅरियस व्हॅसेलची पेनल्टी उघड्या हातांनी अडवली आणि पुढची किक स्वतः मारून सामना जिंकून दिला. पण तो रिकार्डो होता आणि ती एक किक होती. मुरमावर तासभर डाइव्ह मारायच्या असतील तर तळहाताची साल वाचवण्यासाठी तरी ग्लोव्हज हवेत.

पहिली पायरी: घरीच माप घ्या

दुकानात जाऊन माप घेऊ म्हणालात तर घाईत अंदाजावर काम निघतं. घरी शिवणाच्या डब्यात शिंप्याची टेप असतेच. नसेल तर सुतळी आणि शाळेची पट्टी चालते, पण सुतळी ताणून धरू नका, नाहीतर माप कमी येतं.

ज्या हाताने जेवता-लिहिता तो हात घ्या, तो बहुधा किंचित मोठा असतो. शक्यतो संध्याकाळी मोजा. दिवसभराच्या कामाने आणि उष्म्याने हात थोडा फुगलेला असतो, आणि मैदानावरही तो फुगलेलाच असणार आहे. डिसेंबरात पुण्याचा पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा सकाळी सहाला घेतलेलं माप फसवं निघतं.

आता बोटं एकमेकांना चिकटवून पंजा सरळ धरा. अंगठा बाजूला ठेवा, तो मापात धरायचा नाही. चार बोटं जिथे तळहाताला मिळतात त्याच्या जरा खाली, पंजा जिथे सर्वांत रुंद आहे तिथे टेप गोल फिरवा. टेप हाताला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. हा झाला पंज्याचा घेर.

दुसरं माप लांबीचं. मनगटावर जी पहिली आडवी रेघ दिसते, तिथून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. नखं वाढलेली असतील तर आधी कापा. ती लॅटेक्सला, म्हणजे तळव्याच्या रबरी फेसाला, आतून भोक पाडतात, त्यामुळे गोलीने नखं वाढवूच नयेत.

दोन्ही मापं इंचांत लिहा. सेंटिमीटरमध्ये घेतली असतील तर २.५४ ने भागा. प्रत्येक आकडा वरच्या पूर्ण इंचाला न्या आणि त्यात एक मिळवा. दोन उत्तरांपैकी मोठं उत्तर हा तुमचा सुरुवातीचा नंबर.

समजा घेर १९.५ सेंटिमीटर भरला, म्हणजे सुमारे ७.७ इंच. वरचा पूर्ण इंच ८, त्यात एक, म्हणजे ९. लांबी १८.५ सेंटिमीटर, सुमारे ७.३ इंच, वरचा पूर्ण इंच पुन्हा ८, म्हणजे ९. दोन्ही जुळले, नंबर ९.

दरवेळी इतकं सरळ जमत नाही. लांब बोटं आणि अरुंद पंजा असलेली मुलं बरीच असतात. घेर १७.५ सेंटिमीटर, म्हणजे ६.९ इंच, त्यावरून नंबर येतो ८. लांबी मात्र १८.५ सेंटिमीटर, तिच्यावरून ९. इथे ९ च घ्यायचा, कारण आखूड ग्लोव्हजमध्ये बोटांची टोकं दाबली जातात आणि बेचक्यातली शिवण उसवते. ९ मध्ये पंजा आडवा सैल पडेल, त्यावर उपाय कटमध्ये आहे, तो पुढे येतोच.

आकडा काठावर असेल तरी अडचण होते. घेर ७.१ इंच आला तर सूत्र त्याला थेट ८ करून ९ नंबर सांगतं, पण ६.९ वाल्याला ८ आणि ७.१ वाल्याला ९ देण्याइतका फरक त्या दोन हातांत नसतो. अशा वेळी दोन्ही नंबर घालून बघा, ८.५ मिळत असेल तर तोही. लहान पंज्यांवर हे सूत्र कधी कधी एक नंबर जास्तच सांगतं, म्हणून ८ च्या खाली कंपनीचा स्वतःचा तक्ता जास्त प्रमाण माना. तक्ते कंपनीगणिक बदलतात. एकाचा ७ दुसऱ्याच्या ७ पेक्षा अरुंद निघतो. जालंधरची निव्हिया असो, डेकॅथलॉनचा किप्स्टा असो की जर्मन कंपन्या, तक्ता ज्याचा त्याचा बघायचा.

दुसरी पायरी: कट समजून घ्या

एकाच नंबरचे दोन ग्लोव्हज हातात वेगवेगळे का बसतात, याचं उत्तर बहुतेक वेळा कटमध्ये असतं. कट म्हणजे बोटांचा लॅटेक्स पुढचा-मागचा कसा जोडला आहे ती पद्धत. नावं दुकानदारांना माहीत असतात, फरक कमी जणांना माहीत असतो.

फ्लॅट कट सर्वांत जुना आणि साधा. तळव्याकडचा लॅटेक्स एक सपाट तुकडा, मागची बाजू दुसरा, मध्ये बाजूला कापडाची पट्टी, शिवण बाहेर. बोटांना भरपूर जागा मिळते, हवा खेळते. रुंद पंजा, जाड बोटं असतील तर सुखाचा. बारीक बोटांच्या मुलाला मात्र यात बोटं हरवल्यासारखी वाटतात.

रोल कट, याला गन कटही म्हणतात. यात लॅटेक्स बोटाच्या कडेने वळवून मागे नेलेला असतो, बाजूला कापड राहत नाही. बोट लॅटेक्समध्ये गुंडाळलेलं असतं, त्यामुळे बॉल बोटाच्या कडेला लागला तरी लॅटेक्सलाच लागतो. फ्लॅटपेक्षा घट्ट बसतो.

निगेटिव्ह कटमध्ये शिवण आतल्या बाजूला असते, म्हणून ग्लोव्हज बोटांना चिकटून बसतो. मघाचा लांब बोटांचा, अरुंद पंज्याचा मुलगा याच कटसाठी जन्माला आलेला आहे: त्याने लांबीप्रमाणे ९ घ्यायचा आणि आडवा सैलपणा निगेटिव्हवर सोपवायचा. उलट जाड बोटांच्या माणसाला निगेटिव्हमध्ये त्याचा नेहमीचा नंबर घट्ट होतो, त्याला अर्धा किंवा एक नंबर वर जावं लागतं. आतली शिवण बोटाला टोचते अशी तक्रार काही जण करतात. घालून दोन मिनिटं बोटं हलवली की आपण त्यातले आहोत का ते कळतं.

हायब्रिड म्हणजे या तिघांचं मिश्रण, उदाहरणार्थ तर्जनी आणि करंगळी रोल, मधली दोन बोटं निगेटिव्ह. मिश्रणं कंपनी करेल तेवढी. नवख्याने त्यांच्या नावांत अडकू नये, हाताला विचारावं.

माझं मत विचाराल तर पहिल्या जोडीला मुलांसाठी रोल आणि रुंद हाताच्या मोठ्यांसाठी फ्लॅट. निगेटिव्ह चांगला असतो, पण त्यात मापाची चूक लगेच भोवते.

तिसरी पायरी: बोटांतल्या पट्ट्या

काही ग्लोव्हजच्या मागच्या बाजूला प्रत्येक बोटात प्लास्टिकची लवचीक पट्टी असते. दुकानात याला फिंगर सेव्ह, स्पाइन अशी नावं आहेत. काम एवढंच की बोट पुढे वाकावं, उलटं मागे वाकू नये. चांगली पट्टी आहे की नाही हे तिथेच तपासा. ग्लोव्हजचं बोट मुठीच्या दिशेने वाकवा, सहज वाकलं पाहिजे. मागे ढकला, अडलं पाहिजे. दोन्हीकडे सारखंच वाकत असेल तर ती पट्टी नुसती शोभेची.

मापाशी याचा संबंध असा की पट्टी ग्लोव्हजमधली जागा खाते. पट्टीवाल्या जोडीत तोच नंबर थोडा घट्ट वाटतो, आणि पट्टीचं टोक नखावर दाबत असेल तर नंबर लहान आहे. बऱ्याच जोड्यांत पट्ट्या काढता येतात, तशी जोडी मिळाली तर पट्ट्यांसकट आणि पट्ट्यांविना अशी दोन्ही प्रकारे घालून बघा.

बोट आधी दुखावलेलं असेल तर पट्ट्या जरूर घ्या. धडधाकट मुलाला मात्र सुरुवातीपासून पट्ट्यांची सवय लावू नये असं अनेक प्रशिक्षक मानतात आणि मला ते पटतं. पट्ट्यांनी बोटं जड होतात, बॉल धरायला मूठ पूर्ण वळत नाही, आणि पोराला वाटतं की आता बोटाला काही होणारच नाही. हात बॉलच्या मागे नीट नेला तर बोटं आपोआप वाचतात.

चौथी पायरी: दुकानात घालून बघणं

हीच खरी परीक्षा, आणि इथेच लोक घाई करतात. आकडा कितीही बरोबर काढला असला तरी शेवटचा निकाल हातात घातल्यावरच लागतो. लक्ष्मी रोड, कॅम्प किंवा तुमच्या भागातलं दुकान कुठलंही चालेल, पण घालून बघायला देत नसतील तर दुसरं दुकान गाठा. सोबत स्वतःचा बॉल न्या. आठ ते बारा वर्षांचा मुलगा साधारण ४ नंबरच्या बॉलने खेळतो, त्याचा घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर असतो; मोठ्यांचा ५ नंबरचा ६८ ते ७० सेंटिमीटर. ज्या बॉलने खेळणार त्याच बॉलने तपासायचं.

दोन्ही ग्लोव्हज घाला. एकच घालून बघणारे खूप असतात, पण गोली दोन हातांनी झेल घेतो. घालताना मनगटाचा पट्टा पूर्ण सोडा, मनगटाकडून ओढा. तळव्याचा लॅटेक्स धरून ओढू नका, दुकानदार ओरडेल आणि त्याचं बरोबर असेल. पट्टा बांधल्याशिवाय मापाबद्दल काहीही ठरवू नका.

आता क्रमाने बघा. हात खाली सोडा आणि प्रत्येक बोटाच्या टोकाशी चिमटीत धरून दाबा. बोटाच्या टोकापुढे अर्धा ते एक सेंटिमीटर रिकामी जागा असावी. अजिबात नसेल तर लहान. दीड-दोन सेंटिमीटर नुसता फेस दुमडत असेल तर मोठा. मधलं बोट सगळे बघतात. करंगळी आणि अंगठा विसरतात, आणि नेमका अंगठाच बहुतेक वेळा सैल निघतो. अंगठा सैल असला की झेलताना बॉल दोन अंगठ्यांच्या मधून मागे सरकतो.

मग बेचक्या. ग्लोव्हजचं बेचकं तुमच्या बोटांच्या बेचक्याला जवळजवळ टेकलेलं असावं. वर मोठी फट दिसत असेल तर ग्लोव्हज पूर्ण चढलेलाच नाही किंवा लहान आहे. चढलेला नसेल तर पट्टा सोडून पुन्हा घाला, बऱ्याच वेळा तेवढंच पुरतं.

मूठ वळा आणि उघडा, पाच-सहा वेळा. मुठीत मागच्या बाजूची शिवण ताणून पांढरी पडत असेल, धागे दिसत असतील, तर एका पावसाळ्यात ती जोडी गेली म्हणून समजा. उलट मुठीत तळव्याच्या मध्यभागी जाड घडी पडत असेल तर नंबर मोठा आहे. बारीक सुरकुत्या पडणारच, घडी पडू नये.

पट्टा बघा. वेल्क्रो घट्ट लावल्यावर त्याचं टोक बसायच्या जागेतच संपलं पाहिजे. मनगटाला दीड वेढा घालून पट्टा भलतीकडे जात असेल किंवा वेल्क्रोचा काठ जेमतेम पकडत असेल, तर मनगटाचं माप जमलेलं नाही. पट्टा लावल्यावर एका हाताने दुसऱ्या हाताचा ग्लोव्हज धरून गोल फिरवायचा प्रयत्न करा. हातावर ग्लोव्हज फिरला तर बॉलच्या जोरानेही फिरेल.

शेवटी बॉल. छातीसमोर दोन्ही हातांनी बॉल धरा, अंगठे जवळ, बोटं पसरलेली, जशी इंग्रजी डब्ल्यू आकृती होते. आपले लोक याला डब्ल्यू पकड म्हणतात. बोटं पूर्ण पसरताना कुठे ताण जाणवतो का ते बघा. बेचक्यात ताण असेल तर मोठा नंबर मागा. मग कोणाला तरी तीन-चार पावलांवरून हलकेच बॉल टाकायला सांगा. बॉल हातात आला की आधी बॉल कळला पाहिजे. आधी ग्लोव्हजची टोकं मागे दुमडलेली कळली तर नंबर उतरवा.

एक इशारा: नवीन लॅटेक्स कोरडा आणि थोडा गुळगुळीत असतो, त्यावर कारखान्यातून आलेला थर असतो. त्यामुळे दुकानात बॉल निसटला म्हणून पकड वाईट ठरवू नका. इथे फक्त माप तपासायचं. थुंकी लावून पकड बघणाऱ्या काकांना आवरा, ती जोडी अजून दुकानाची आहे.

दोन नंबरांत अडकलात तर? फ्लॅट कट असेल तर लहान नंबर, निगेटिव्ह किंवा पट्ट्यांचा असेल तर मोठा. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही हाच नियम. "वाढेल ना" हे वाक्य इथे वापरायचं नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर

नंबर बदलून मिळतो का आणि परतीची मुदत किती, हे पैसे भरायच्या आधी वाचा. कंपनीच्या तक्त्यात नंबर घेरावरून दिला आहे की लांबीवरून, तेही बघा, कारण काही तक्ते फक्त लांबी देतात आणि लोक तिथे घेर टाकून दोन नंबर चुकतात. जोडी घरी आली की कोरड्या, स्वच्छ हातांनी सतरंजीवर बसून मघाच्या सगळ्या तपासण्या करा. टॅग तसाच ठेवा. अंगणातसुद्धा नेऊ नका. एकदा लॅटेक्सला माती लागली की ती जोडी कोणी परत घेत नाही.

तळवा आणि मैदान

मापाचा हा लेख आहे, तरी तळव्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तळव्याची जाडीही बसण्यावर परिणाम करते. लॅटेक्स साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा असतो. जाड तळव्यात बॉलचा मार कमी लागतो, पण बोटांना बॉल कमी कळतो आणि ग्लोव्हज थोडा भरगच्च वाटतो. मऊ लॅटेक्सची पकड झकास आणि आयुष्य कमी. कडक लॅटेक्सचं नेमकं उलटं.

एसएसपीएमएस किंवा डोबरवाडीसारख्या मैदानांवर लीगचे सामने बघायला जा आणि गोलींचे तळवे बघा. तळहाताच्या टाचेकडचा भाग, म्हणजे मनगटाजवळचा उंचवटा, सगळ्यात आधी गेलेला दिसेल. डाइव्हनंतर उठताना सगळे तिथेच भार देतात. मुठीवर भार देऊन उठायची सवय लावली तर तीच जोडी बरीच जास्त टिकते. टर्फवर गवताच्या खाली रबराचे काळे दाणे असतात, ते मऊ लॅटेक्समध्ये घुसतात आणि पकड घालवतात. म्हणून सरावाला स्वस्त, कडक लॅटेक्सची जोडी आणि सामन्याला चांगली, असं दोन जोड्यांत काम वाटलं तर खर्च उलट कमी येतो. दोन्हींचा नंबर एकच असेल असं मात्र धरून चालू नका. कंपनी किंवा कट वेगळा असेल तर दोन्ही वेळा चौथी पायरी पुन्हा.

मोठे ग्लोव्हज घातले की हात मोठे होतात आणि गोल झाकला जातो, असा एक समज टर्फवर फार ऐकू येतो. पश्चिम जर्मनीचा सेप मायर सत्तरच्या दशकात अवाढव्य ग्लोव्हजसाठी प्रसिद्ध होता, त्याचं उदाहरणही कोणीतरी देतो. ग्लोव्हज मोठे दिसणं आणि सैल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटाच्या पुढे लोंबणारा रिकामा फेस बॉल अडवत नाही, बॉलबरोबर मागे जातो.

पहिली धुलाई, आणि पावसाळा

जोडी पक्की झाली, परत करायची नाही हे ठरलं, की खेळायच्या आधी एकदा धुवा. कोमट पाण्यात हलक्या हाताने तळवे चोळा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. साबण लावलाच तर अगदी सौम्य. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सावलीत वाऱ्यावर टांगा. यानंतर पकड खुलते आणि ग्लोव्हजही हाताला थोडा सैल पडतो. दुकानात किंचित घट्ट वाटलेली जोडी म्हणूनच घाबरून मोठी करू नये.

सामन्याच्या आधी तळवे पाण्याने किंचित ओले करा, विशेषतः ऑक्टोबरच्या उन्हात. कोरडा लॅटेक्स पकडत नाही आणि लवकर सोलतो.

गच्चीवर कडक उन्हात वाळवलेले ग्लोव्हज आखडतात, लॅटेक्स कडक होतो आणि मग लोक म्हणतात की पोराचा हात वाढला. आधी वाळवण बघा. जुलै-ऑगस्टमध्ये प्रश्न उलटा असतो: चार-चार दिवस ऊन नाही, ग्लोव्हज बॅगेत ओलेच, आणि वास असा की दप्तर वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. मैदानावरून आल्या आल्या बॅगेतून काढा, बोटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि पंख्याखाली टांगा. तळव्याला तळवा चिकटवून ठेवू नका. लॅटेक्स एकमेकांना चिकटतो आणि सोडवताना पापुद्रा निघतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल तर तो तिथेच सोडून द्यावा.

पुन्हा कधी मोजायचं

मोठ्यांना दरवेळी मोजायची गरज नाही, फक्त कंपनी बदलली तर तक्ता बघायचा. मुलांचा पंजा मात्र दर चार-सहा महिन्यांनी टेपने मोजा आणि कुठेतरी लिहून ठेवा, फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं तरी चालेल. आकड्यापेक्षा आधी पोरगंच सांगतं: सरावानंतर नखाखाली दुखतंय, बेचक्यात लाल झालंय, पट्टा लावला की बोटं सुन्न पडतात. यांपैकी काहीही ऐकलंत तर तळव्यात फेस कितीही शिल्लक असो, नंबर बदला. ती जोडी फेकू नका. क्लासमध्ये खालच्या गटातला कोणीतरी नवा गोली असतोच, त्याचा पंजा मोजा, बसत असेल तर त्याला द्या. बसत नसेल तर "वाढेल ना" म्हणून देऊ नका.